बुझिनाची साल

रोमाना कोत्स्युबाच्या घरात अंड्यांचे बलक कधी संपत नसत. ईस्टर जवळ आला की युक्रेनच्या ल्विव शहरातल्या बाकीच्या बायका पास्कासाठी बलक जमवत हिंडायच्या. तो गोड पाव पिवळाधमक व्हायला हवा असेल तर बलकांच्या बाबतीत हात आखडून चालत नाही. रोमानाकडे मात्र बारमाही ईस्टर. बलकाच्या शेवया, बलकाचा केक, साखर घालून बलक घोटून केलेलं मद्य. नवरा झेन्को पियानो सुरात लावायचं काम करायचा. स्वभावाने गरीब, ताटात येईल ते मुकाट्याने खाणारा. एकदाच म्हणाला, "रोमा, मी आता आरवायला लागेन हं."

बलक उरत कारण पांढरं प्रयोगशाळेत लागे. रोमाना जीवरसायनशास्त्रज्ञ होती. झाडांच्या सालींत, बियांत, कंदांत लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, ती निवडून वेगळी काढणं हा तिचा जन्माचा धंदा. लेक्टिनला साखरेची भारी ओढ. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक बारीक तुरे असतात. ते सापडले की लेक्टिन त्यांना घट्ट धरतं, आणि एकाच वेळी दोन पेशींना धरलं की पेशी एकमेकींना चिकटून बसतात. अंड्याच्या पांढऱ्यातही असे तुरेवालं एक प्रथिन असतं. ते काचेच्या नळीत भरायचं आणि वरून सालीचा अर्क सोडायचा. लेक्टिन तेवढं अडकतं, बाकीचं वाहून जातं. परदेशात यासाठी तयार सामान मिळायचं, पण ते मागवून हातात पडेपर्यंत माणूस प्रयोग काय होता तेच विसरून जाई. अंडी कोपऱ्यावर मिळायची.

लेक्टिन हाती लागलं की नाही हे बघायला रक्त लागायचं. छोट्या खळग्यांची एक प्लास्टिकची पाटी असते. खळग्यात पातळ केलेल्या रक्ताचे थेंब टाकायचे. नुसत्याच रक्तपेशी असल्या तर त्या तळाशी जाऊन घट्ट लाल ठिपका होतो. लेक्टिन असेल तर पेशी एकमेकींचे हात धरतात आणि तळभर लालसर जाळी पसरते. हे रक्त तिच्या संशोधन संस्थेतल्या, तिच्याच विभागातल्या माणसांच्या बोटांतून येई. एका हिवाळ्यात सगळ्यांचीच बोटं टोचून टोचून हुळहुळी झाली, तेव्हा रोमानाने घरच्यांकडे मोर्चा वळवला. झेन्कोची बोटं पियानोसाठी राखीव. राहिली सासू.

युस्तिना सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. झोव्क्वाजवळच्या खेड्यातून, नवरा गेल्यावर, मुलाकडे राहायला आलेल्या. सुनेनं "आई, आज दोन थेंब द्याल का?" म्हटलं की हात पुढे करून खुर्चीत ताठ बसायच्या, जशा काही फोटो काढून घेतायत. आणि मग समोरच्या घरातल्या स्तेफ्काबाईंना ऐकवायच्या, "जगातल्या सुना सासूचं रक्त पितात. माझी निदान विचारून घेते." दुसऱ्या दिवशी मात्र विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत, "माझं रक्त चांगलं चिकटलं ना?"

रोमानाचे वडील द्रोहोबिचकडे आरागिरणीत कामाला होते. ओंडके सोलल्यावर पडणाऱ्या सालींच्या ढिगात ती लहानाची मोठी झाली. डोळे मिटून नुसत्या वासावरून ती साल ओळखायची: ओक, बर्च, रानचेरी. विद्यापीठात लेक्टिनवरचं पहिलं व्याख्यान ऐकलं तेव्हा तिला वाटलं, हे तर आपल्याच अंगणातलं काहीतरी सांगतायत. ऐन उमेदीची वर्षं तिने रक्तगट तपासायला लागणारी द्रावणं बनवण्यात घालवली. मग सोव्हिएत राज्य गेलं, संस्थेतल्या खोल्या गरम ठेवणं बंद झालं, नळाला पाणी फक्त सकाळ-संध्याकाळ उरलं, आणि अर्धा विभाग पोलंडला, इटलीला मिळेल त्या कामावर निघून गेला. ती का गेली नाही असं कुणी विचारलं तर सांगायची, नळीत अर्क सोडलेला होता, मध्येच कसा टाकून जाणार. हे ती थट्टेत म्हणायची, पण त्यात बरंच खरं होतं. हिवाळ्यात नमुने ठेवायला फ्रीज चालू नसला तरी बिघडत नसे. मधला बोळच पुरेसा गार असायचा.

चेतापेशींचं काम विभागप्रमुख सेवेरिन पास्लाव्स्की यांच्यामुळे आलं. सेवेरिन सर उंच, किडकिडीत, टायच्या बाबतीत फार चोखंदळ. त्यांनी परदेशातून शिकून येऊन उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवायला सुरुवात केली. मेंदूला प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो, आणि त्याच प्राणवायूचे उनाड तुकडे चेतापेशींना आतून जाळत राहतात. लोखंड गंजतं तसंच म्हणा ना. पेशीकडे त्यावर स्वतःची यंत्रणा असते, तिलाच आपण अँटिऑक्सिडंट संरक्षण म्हणतो. म्हातारपणी, कंपवातासारख्या दुखण्यात, ही यंत्रणा थकते. सरांना शोधायचं होतं की तिला बाहेरून कुणी हात देऊ शकेल का.

रोमानाने बुझिनाचं लेक्टिन देऊन पाहिलं. बुझिना म्हणजे पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आणि काळ्या मण्यांसारखी फळं येणारं झुडूप. आमच्याकडे कुंपणाला, स्मशानाच्या भिंतीला, रेल्वेच्या कडेला, कुठेही माजतं. त्याच्या सालीतलं लेक्टिन चेतापेशींच्या अंगावरची साखर नेमकी पकडतं. रोमानाने एका बशीत ते चिमूटभर टाकलं, दुसरीत टाकलं नाही, आणि मग दोन्हींवर पेशींना तसंच जाळणारं पेरॉक्साइड सोडलं. दुसऱ्या दिवशी लेक्टिन नसलेल्या बशीतल्या पेशी गोळा होऊन मरून पडल्या होत्या. लेक्टिनवाल्या बशीतल्या बहुतेक जिवंत होत्या, आपले लांब धागे पसरून. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. सेवेरिन सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले, टाय बशीत बुडेल की काय अशी रोमानाला धास्ती. शेवटी म्हणाले, "रोमानाबाई, तुमच्या अंड्यांचं सार्थक झालं."

शोधनिबंध छापून आला. त्याआधी दोन वर्षांपासून युस्तिना सासूबाईंचा उजवा हात कापायला लागला होता. सुरुवातीला चहाचा पेला खुळखुळायचा, मग सुईत दोरा ओवणं बंद झालं. डॉक्टरांनी कंपवात सांगून गोळ्या दिल्या होत्या. सासूबाई मनात येईल तेव्हा त्या घ्यायच्या, मनात येईल तेव्हा खिडकीतल्या जेरेनियमच्या कुंडीत खुपसायच्या. जेरेनियम जोमात होतं.

निबंधाचं पर्यवसान भलतंच झालं. शहरातल्या एका वर्तमानपत्राचा माणूस संस्थेत आला, रोमानाशी तासभर बोलला. तिने त्याला दहा वेळा बजावलं की हे बशीतलं आहे, माणसातलं नाही. छापून आलं ते असं: ल्विवच्या संशोधिकेला बुझिनाच्या सालीत नसांचं रक्षण करणारं द्रव्य सापडलं. बशी छपाईत कुठेतरी गळून पडली होती.

आठवडाभरात आमच्या वस्तीतली बुझिनाची झुडपं सोलून निघाली. स्मशानाच्या मागच्या गल्लीत पांढरी उघडी खोडं बघून झेन्को घरी येऊन म्हणाला की शेळ्यांचा कळप येऊन गेला असं वाटतंय. जिन्यात बायका रोमानाला थांबवायच्या: नवऱ्याची मान हलते, बहिणीला झोप नाही, मुलगा परीक्षेला घाबरतो, किती चमचे द्यायचे? ती प्रत्येकीला समजावायची की कच्च्या सालीने पोट बिघडतं, उलट्या होतात, तोंडाला लावू नका. बायका मान डोलवायच्या आणि जाताना एकमेकींना डोळ्याने खुणावायच्या. ही घरच्यांसाठी ठेवत असणार.

सासूबाईंनी मात्र सरळ मागितलं. संध्याकाळी रोमाना शेवया वाळत घालत होती, तेव्हा त्या जवळ येऊन बसल्या.

"रोमा, तुझं ते औषध मला दे."

"आई, ते औषध नाहीये. मी सांगितलं ना तुम्हाला."

"उंदराला देतेस."

"उंदराच्या पेशींना देते, बशीत. उंदराला पाजलं तर तोही मरेल."

"म्हणजे उंदराची काळजी जास्त," सासूबाई म्हणाल्या आणि कापणारा हात पदरात घ्यावा तसा शालीत गुंडाळून आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी रक्त द्यायचं बंद केलं. बोलणं सुरू होतं, पण मीठ दे, दार लाव, एवढंच.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी रोमाना बाजारातून आली तर स्वयंपाकघरात सासूबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या. चेहरा खडूसारखा, बाजूला बादली, आणि स्तेफ्काबाई त्यांच्या कपाळाला ओला टॉवेल धरून रडतायत. टेबलावर एक बरणी होती, तिच्यात तपकिरी पाणी आणि हिरवट सालीचे तुकडे. रोमानाने बरणी नाकाशी नेली. वास घेतल्यावर तिला काही विचारावंच लागलं नाही.

"उकळलंत का हे?"

स्तेफ्काबाईंनी नाही म्हणून मान हलवली. "उकळायचं नाही ना. तुम्हीच म्हणाला होतात जेवताना, उकळलं की लेक्टिन मरतं. युस्तिनाकाकूंनी लक्षात ठेवलं होतं."

हे खरं होतं. मागे कधीतरी राजमा नीट का शिजवावा हे सांगताना रोमाना असं बोलली होती. सासूबाईंनी ते मनात जपून ठेवलं आणि एरवी साल उकळून घेतली असती तीही मुद्दाम कच्ची भिजत घातली, दोन दिवस, पलंगाखाली.

रुग्णवाहिका आली. पोट धुतलं, सलाइन लावलं. झेन्को दवाखान्याच्या बाकावर बसून बोटांनी गुडघ्यावर काहीतरी वाजवत राहिला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, पण रोमानाला ते आरोपासारखं लागलं. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की म्हातारी काटक आहे, निभावली. रोमाना आत गेली. मनात रागाचं आणि भीतीचं असं काही कालवण झालेलं की पलंगाजवळ जाऊन उगाच चादर सारखी करत राहिली.

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "इतकं कडू होतं," त्या पुटपुटल्या, "मला वाटलं, लागू पडतंय."

रोमाना खुर्चीत बसली आणि हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. सासूबाई थरथरत्या हाताने तिचा कोट थोपटत राहिल्या. मेले नाहीये मी अजून, कशाला भोकाड पसरतेस, असं म्हणत.

त्यानंतर रोमानाला एक गोष्ट सुखाने बसू देईना. ती बरणी. बरणीतलं पाणी तपकिरी होतं, आणि संस्थेतल्या तिच्या बाटलीतलं स्वच्छ म्हणवणारं लेक्टिनही, उजेडात धरलं तर, फिक्या चहाच्या रंगाचं दिसे. तो रंग ती वर्षानुवर्षं बघत आली होती. सालीत टॅनिनसारखी रंगद्रव्यं असतात, ती प्रथिनाला चिकटून बसतात, हे तिला ठाऊक होतं. रक्तगटाच्या कामात त्याने काही अडत नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता तिच्या मनात आलं, ही रंगद्रव्यं स्वतःच तर अँटिऑक्सिडंट असतात. मग पेशी वाचवल्या कुणी?

रंग शोषून घेणारी एक पांढरी भुकटी असते. ती तिने चेक देशातल्या ब्र्नो शहरातल्या एका ओळखीच्या प्राध्यापिकेकडून मागवून घेतली. नवी साल आणली, यावेळी शहराबाहेरून, कारण गावात झाडाला साल शिल्लक नव्हती. अर्कात सुरुवातीलाच ती भुकटी घातली, मग अंड्याच्या नळीतून काढला, मग आणखी एकदा. हाती आलेलं लेक्टिन वाळवल्यावर हिमासारखं पांढरं होतं. खळग्यांच्या पाटीत त्याने रक्त असं चिकटवलं की पूर्वी कधी चिकटलं नव्हतं. इतकं शुद्ध लेक्टिन तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं, आणि क्षणभर तिला त्याचा निखळ आनंद झाला.

मग तिने ते चेतापेशींना दिलं, वर पेरॉक्साइड सोडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या. थोडं जास्त दिलं तर पेरॉक्साइडची वाट न बघताच मेल्या. भुकटीने शोषलेला रंग तिने धुऊन वेगळा काढला आणि तो एकटाच तिसऱ्या बशीत घातला. तिथे धागे पसरून पेशी जिवंत.

हे सगळं तिने नीट तपासून घेतलं, पुन्हा पुन्हा, तेव्हा कुठे सेवेरिन सरांच्या खोलीत गेली. पोल्ताव्हाच्या परिषदेत सरांचं व्याख्यान ठरलं होतं, विषय अर्थातच बुझिनाचं लेक्टिन. त्यांनी आकडे पाहिले, टाय सैल केला.

"कुणी विचारलंय का आपल्याला?" ते म्हणाले.

"नाही."

"मग?"

"सर, माझ्या सासूबाईंनी ते प्यायलं."

"निबंध वाचून नाही प्यायलं. वर्तमानपत्र वाचून प्यायलं."

"दोन्हीत चूक तीच आहे," रोमाना म्हणाली. "मी लेक्टिन म्हटलं. ते लेक्टिन नव्हतं."

सरांनी तिला जा म्हटलं, रागानेच. ती गेली. उरलेला दिवस तिने काचेची भांडी घासली, जी स्वच्छच होती. नोकरी जाईल याची भीती नव्हती, पण ज्या माणसाने कडाक्याच्या थंडीत कोट घालून शेजारी बसून काम केलं, त्याचा चेहरा तसा झालेला तिला बघवला नव्हता. सकाळी सर तिच्या आधी येऊन बसलेले. रात्री झोप लागली नसावी, टाय कालचाच होता. त्यांनी दुरुस्तीचा मसुदा लिहून आणला होता आणि त्यात स्वतःचं नाव पहिलं टाकलं होतं. कौतुकाच्या निबंधात पहिलं नाव रोमानाचं होतं. तिने ते पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. दोघांनी मिळून एक वाक्य सुधारलं.

पोल्ताव्हाला सरांनी व्याख्यान दिलं, पण उलट बाजूने: आम्ही कुठे फसलो. मागच्या रांगेतल्या एकाने टोमणा मारला की ल्विवचे लोक आता चहा विकतील वाटतं. सर म्हणाले, "चहात अंडं घालून विकू." सभागृहात हशा पिकला. पुढे त्या रंगद्रव्यांचं काम खार्किवच्या लोकांनी उचललं. त्यातून औषधबिषध निघालं नाही, निदान अजून तरी.

वर्तमानपत्राने दुरुस्ती तीन ओळींत, हवामानाच्या खाली छापली. ती कुणी वाचणार नाही हे रोमानाला कळत होतं, म्हणून ती स्वतःच जिन्याजिन्याने फिरली. दार वाजवायची, सांगायची: मी ती सालवाली, माझं चुकलं, लेक्टिनने नसा वाचत नाहीत, साल पिऊ नका. काहींनी आत बोलावून कॉफी दिली. एका निवृत्त कर्नलने सांगितलं की मला सगळं ठाऊक आहे, तुम्हाला जर्मन औषध कंपन्यांनी गप्प केलंय. स्तेफ्काबाई तिच्याबरोबर फिरायच्या, आणि रोमानाचं बोलून झालं की पुढे होऊन बादलीचं वर्णन करायच्या. त्या वर्णनाचा परिणाम शास्त्रापेक्षा जास्त व्हायचा.

ब्र्नोच्या प्राध्यापिकेने मात्र त्या पांढऱ्या लेक्टिनची थोडी भुकटी मागवली. तिथे मेंदूच्या कापांवर ती लावून कोणत्या पेशीच्या अंगावर कोणती साखर असते याचे नकाशे करायला लागले. लेक्टिन पकडतं, एवढंच काम त्याचं, आणि ते काम ते चोख करत होतं. वर्षाकाठी दोनतीनदा रोमाना एक छोटी कुपी कापसात गुंडाळून पाठवायची. निवृत्तीपर्यंत हे चाललं, निवृत्तीनंतरही चाललं.

सासूबाईंनी गोळ्या वेळेवर घ्यायला सुरुवात केली. रोमाना समोर उभी राहायची, तोंड उघडून दाखवा म्हणायची, आणि त्या जीभ बाहेर काढून दाखवायच्या. हात पूर्ण थांबला नाही, पण पेला ओठापर्यंत न सांडता जाऊ लागला. त्यांचा अबोला दवाखान्यातच सुटला होता.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांना एकदा आपलं खेडं बघायची इच्छा झाली. झेन्कोने कुणाची तरी गाडी मागून आणली. लिंडेनची झाडं फुलली होती, चर्चच्या बाहेर बाकावर सासूबाईंच्या वयाच्या चार बायका बसलेल्या. त्यांच्यात या जाऊन बसल्या. एकीने विचारलं की तुझ्या सुनेचं पेपरात आलं होतं ना, काहीतरी औषधाचं, त्याचं काय झालं?

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "ते लागू पडत नाही, हे तिने शोधून काढलं. स्वतःच. कुणी सांगायच्या आत."

बायका जरा गोंधळल्या. यात अभिमानाचं काय हे त्यांच्या ध्यानात येईना.

"मग आता ती काय करते?" दुसरीने विचारलं.

"काम करते," सासूबाई म्हणाल्या, जणू ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि रोमानाला बोलावून आपल्या उजव्या बाजूला जागा करून दिली. रोमाना बसली. सासूबाईंचा हात तिच्या हातावर येऊन पडला आणि तिथेच थरथरत राहिला. समोरच्या बाईने एव्हाना यंदाच्या चेरींचा विषय काढला होता. पावसाने फुटल्या म्हणे, निम्म्याहून जास्त.